उत्तर द्यायला थांबणारी पावले

“आबा, काल लाईटबिल भरलासा काय?” नातवाने चालता चालता विचारले की आबा थांबतात, क्षणभर आठवतात, “भरलं की,” म्हणतात आणि मग पुढे निघतात. शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत कोल्हापुरात कुठेही रोज घडणारी ही गोष्ट. तिच्याकडे कुणी लक्षण म्हणून पाहत नाही. स्वीडनच्या उत्तरेकडील उमेओ गावात लिलेमोर लुंडिन-ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र तसे पाहिले. वृद्धनिवासातल्या ५८ जणांबरोबर चालताना त्यांनी सहज बोलणे काढले आणि बोलण्यासाठी कोण थांबतो एवढेच टिपून ठेवले. १२ जण थांबले. पुढच्या सहा महिन्यांत त्या १२ पैकी १० जण कुठे ना कुठे पडले. १९९७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निरीक्षण छोट्याशा टिपणाच्या रूपात छापून आले. उपकरण काही नाही, खर्च काही नाही, फक्त नीट पाहणे. चालणाऱ्या माणसाला डोक्याचे एखादे काम द्यायचे आणि त्याची चाल काय सांगते ते मोजायचे, या संशोधनाला त्या टिपणाने मोठी चालना दिली.

चालणे आपल्याला फुकट मिळाल्यासारखे वाटते. वर्षा-दीड वर्षाचे मूल पाऊल टाकते, घरात कौतुक होते आणि मग सत्तर वर्षे त्या कौशल्याची कुणाला आठवणही राहत नाही. त्याला एक कारण आहे. थॉमस ग्रॅहॅम ब्राऊन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९११ मध्ये मांजरावरच्या प्रयोगात दाखवले, की मेंदूशी संबंध तोडल्यावरही मज्जारज्जू मागच्या पायांच्या स्नायूंना चालण्याची लय पुरवू शकतो. एकामागून एक पाऊल टाकण्याचा ठेका बराचसा खालीच धरला जातो. माणसात वरच्या मेंदूचा वाटा मांजरापेक्षा खूपच मोठा, पण तत्त्व तेच. लघुमेंदू तोल सावरतो, मेंदूच्या तळाशी असलेली केंद्रके पाऊल सुरू करणे, थांबवणे आणि त्याची लांबी ठरवणे ही कामे पाहतात. यातले काहीही आपल्या जाणिवेपर्यंत पोहोचत नाही.

हा ठेका मोकळ्या, सपाट जागेपुरता ठीक. ऐन दिवाळीत महाद्वार रोडवरून चालायचे असेल तर समोरचा हातगाडा, मागून आलेली मोटारसायकल, पायाखालचे उखडलेले फरशीचे तुकडे आणि दुकानात काय घ्यायचे आहे ती यादी, हे सगळे एकाच वेळी सांभाळावे लागते. हे काम कपाळामागच्या अग्रखंडाचे. लक्ष कुठे द्यायचे, कुठले काम आधी आणि कुठले नंतर, कशाला आवर घालायचा, हे तिथे ठरते. डोक्यावर प्रकाशसंवेदक पट्टी बांधून चालत्या माणसाच्या अग्रखंडातले रक्त मोजता येते. न्यूयॉर्कमधल्या रोई होल्टझर यांच्या गटाने २०११ मध्ये तसे मोजले, तेव्हा नुसत्या चालण्यापेक्षा बोलत चालताना तिथे ऑक्सिजन वाहणारे रक्त वाढलेले दिसले. ही वाढ तरुणांत जास्त होती, वृद्धांत कमी. तरुण मेंदूला वेळेला जादा कुमक मागवता येते. वृद्ध मेंदूचे एकाच पगारात दोन संसार चालवल्यासारखे होते, आणि पगार कमी झाला की कुठल्यातरी एका संसाराला हात आखडावा लागतो.

हा पगार कमी होऊ लागल्याची एक पायरी वैद्यकशास्त्राने वेगळी काढली आहे. तिला सौम्य बोधनिक ऱ्हास म्हणतात. डॉक्टर नुसते ‘एमसीआय’ म्हणतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे रोनाल्ड पीटरसन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तिची जी रूपरेषा मांडली ती थोड्याफार फरकाने आजही वापरली जाते. माणसाला स्वतःला किंवा घरच्यांना विसरभोळेपणा जाणवतो, चाचणीत तो वयाच्या मानाने जास्त भरतो, तरीही रोजचे व्यवहार माणूस स्वतः करू शकतो. पेन्शन आणतो, औषधे घेतो, भाजी आणतो, हिशेबात एखादी चूक करतो. म्हणून हा स्मृतिभ्रंश नव्हे आणि निव्वळ वयही नव्हे. घरात मात्र त्याला ‘वयोमानानं व्हायचंच’ हे एकच नाव असते आणि विषय तिथेच संपतो.

डॉक्टरांची अडचण याच्या पुढे सुरू होते. स्मृतिदवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दरवर्षी साधारण दहा ते पंधरा टक्क्यांना स्मृतिभ्रंश होतो असे पूर्वीपासूनचे अनुभव सांगतात. बाकीच्यांपैकी बरेच जण वर्षानुवर्षे आहे तिथेच राहतात आणि काही तर पुन्हा सुधारतात. समोर बसलेल्या बाईंची वाट यातली कोणती, हे स्मरणशक्तीची चाचणी ठामपणे सांगू शकत नाही. इथे चालणे मदतीला येते.

चाचणीची पद्धत अगदी साधी आहे. मोजलेल्या सरळ अंतरावर माणसाला त्याच्या नेहमीच्या वेगाने चालायला सांगायचे आणि वेळ घ्यायची. मग तेच अंतर पुन्हा, पण या खेपेला १०० पासून एकेक कमी करत मोठ्याने मोजत. पुढे सात-सात कमी करत, किंवा आठवतील तेवढ्या प्राण्यांची नावे सांगत. समजा, १० मीटर जायला एरवी १० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला एक मीटर. मोजत चालताना तेच अंतर १३ सेकंदांचे झाले, तर वेग सुमारे ०.७७ मीटर. म्हणजे डोक्याच्या कामापायी चालण्याने जवळजवळ २३ टक्के वेग गमावला. या गमावलेल्या टक्क्यांना संशोधक दुहेरी कामाची किंमत म्हणतात. किंमत सगळेच मोजतात. धडधाकट तरुणही चालता चालता सात-सात वजा करू लागला की थोडा मंदावतो. प्रश्न किती, हा आहे.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या लंडन शहरात मॅन्युएल मोंटेरो-ओडासो यांच्या गटाने सौम्य ऱ्हास असलेल्या ११२ जणांना अशा रीतीने चालवले आणि मग कमाल सहा वर्षे, सरासरी दोन वर्षे, त्यांच्यावर लक्ष ठेवले. या काळात २७ जणांना स्मृतिभ्रंश झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष लक्षात ठेवण्याजोगा आहे. उलटे आकडे मोजताना ज्यांचा वेग २० टक्के किंवा त्याहून जास्त घटला, त्यांना स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या सुमारे पावणेचार पट होता. प्राण्यांची नावे सांगताना तेवढीच घट झाली असेल, तर सुमारे २.४ पट. नुसत्या संथ चालण्यावरून मात्र असा भरवशाचा अंदाज बांधता आला नाही. हे साहजिकच आहे. नुसते संथ चालणे गुडघ्यामुळे असू शकते, सवयीमुळे असू शकते, किंवा त्या दिवशी कोल्हापुरी चपलेने पाय चावल्यामुळेही. प्रश्न विचारल्यावर संथ होणे हे पायांच्या वरचे दुखणे दाखवते.

दुसरे एक बारीक निरीक्षण मला यापेक्षाही विलक्षण वाटते. निरोगी माणसाला अडचणीच्या जागी दोन कामे दिली की तो नकळत चालणे वाचवतो आणि बोलणे सोडतो. जिना उतरताना आपण वाक्य अर्धवट ठेवतो ते यामुळेच. तोल आधी, उत्तर नंतर. काही मेंदूविकारांत, विशेषतः कंपवातात, हा क्रम उलटू शकतो. माणूस उत्तर द्यायच्या नादात पावलाकडे दुर्लक्ष करतो आणि पडतो. नेदरलँड्समधले बास ब्लूम यांनी हा फरक ठळकपणे मांडला. तेव्हा उत्तर द्यायला थांबणारे आबा एका अर्थाने शहाणपणच करतात. त्यांचा मेंदू आपली शिल्लक ओळखून आहे. न थांबता, अडखळत, भिंतीचा आधार घेत उत्तर देत राहणाऱ्या माणसाची काळजी जास्त करावी. म्हणून चाचणीत वेग आणि उत्तरे दोन्ही टिपतात. वेग टिकला पण तीन आकड्यांनंतर मोजणे बंद पडले, तर ती किंमत दुसऱ्या खिशातून गेली एवढेच.

भारतात हा विषय दूरचा मानण्याचे दिवस राहिलेले नाहीत. देशभरातल्या ज्येष्ठांच्या लासी-डॅड या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ६० वर्षांवरील भारतीयांपैकी ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत प्रमाण जास्त, ग्रामीण भागात जास्त. चालण्याशी त्याचा संबंध शोधण्यात केरळमधले कोळिकोड पुढे आहे. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात असलेले ज्यो वर्गीस यांनी संथ चाल आणि विसरण्याची तक्रार या दोन्हींचा एकत्र विचार करून स्मृतिभ्रंशाच्या आधीची एक अवस्था वर्णन केली. तिचा तपास त्यांनी १७ देशांतल्या २२ अभ्यासगटांतून केला आणि त्यात कोळिकोडचा गट होता. २६ हजारांहून अधिक ज्येष्ठांच्या या माहितीत जवळजवळ १० टक्क्यांमध्ये ती अवस्था आढळली. हे निदान करायला एक घड्याळ, एक मोजलेला पट्टा आणि काही प्रश्न पुरतात.

कागदावरच्या चाचण्यांचे तसे नसते. चित्र काढा, वाक्य लिहा, शंभरातून सात वजा करत जा, अशा प्रश्नांत शाळा न पाहिलेली माणसे आधीच मागे पडतात. ही अडचण ओळखून हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या ग्रामीण, निरक्षर वृद्धांसाठी इंग्रजी चाचणीचे हिंदी रूप नव्याने घडवावे लागले. ते १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरीच्या वाड्यावस्त्यांतल्या आज्ज्यांना तोच न्याय लागू आहे. चालण्याला मात्र शाळा लागत नाही. लागतो तो योग्य प्रश्न, आणि तो निवडताना आपल्या माणसांची माहिती हवी.

उदाहरण पाढ्यांचे घ्या. साठ-सत्तर वर्षांपूर्वी मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला तेवीसचा पाढा चालता चालता म्हणायला सांगितला तर तो कदाचित जास्तच झपझप चालेल. कुणाला पावकी, निमकी, दिडकीसुद्धा येत असेल. त्यावरून त्याचा मेंदू ठणठणीत आहे असे मानणे चुकीचे ठरेल. पाठ झालेली गोष्ट वेगळ्या वाटेने बाहेर येते. तिला अग्रखंडाची फारशी गरज पडत नाही. रामरक्षेचे आणि हरिपाठाचे तेच. स्मृतिभ्रंश बराच पुढे गेलेली माणसेही पाठ असलेली स्तोत्रे म्हणू शकतात, आणि घरचे म्हणतात, “एवढं सगळं म्हणतात की, विसरतात कुठं?” पाठ नसलेले, त्या क्षणी मनात जुळवावे लागणारे काम द्यायला हवे. कोल्हापूरच्या माणसाला पेठांची नावे विचारावीत, तालमींची विचारावीत, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी अशी. लक्ष्मीपुरीत भाजी घेत आयुष्य गेलेल्या बाईंना भाज्यांची विचारावीत. शिकलेल्यांना आठवड्याचे वार किंवा मराठी महिने उलटे म्हणायला सांगावे. फाल्गुन, माघ, पौष इथपर्यंत कोणीही येतो, पुढे पावले मंदावतात. चाचणी म्हणून याचा उपयोग करायचा तर तोच प्रश्न आधी खुर्चीत बसवून विचारावा आणि मग चालताना, म्हणजे तुलना करता येते. फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांनी करवीर, कागल, शिरोळ तालुक्यांतल्या ज्येष्ठांसाठी असे प्रश्न पारखून त्यांची नीट मापे तयार केली, तर ते काम अनेक वर्षे उपयोगी पडेल.

आता आषाढीला कोल्हापुरातून नंदवाळला जाणाऱ्या दिंडीकडे पाहा. करवीर तालुक्यातल्या या गावाला लोक प्रतिपंढरपूर म्हणतात. पुईखडीच्या माळावर रिंगण होते. सत्तरी ओलांडलेले वारकरी टाळ वाजवत, अभंग म्हणत, पावली घेत कित्येक किलोमीटर जातात. वरवर हेही दुहेरी काम, किंबहुना तिहेरी. तरी त्यांची चाल मोडत नाही. उलट टाळ-मृदंगाशिवाय तेवढे अंतर त्यांना जड जाईल. अभंग पाठ आहे हे एक कारण. दुसरे कारण लयीचे. मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये कंपवाताच्या रुग्णांना तालबद्ध आवाजावर चालण्याचा सराव दिला, तेव्हा त्यांचा वेग आणि पावलांची लांबी वाढली. बाहेरचा ताल मेंदूतल्या बिघडलेल्या घड्याळाला टेकू देतो. तोंड दोन्हीकडे चालूच असते. पण उलटे मोजताना ते पावलांचा वाटा खाते आणि भजनात पावलांना हात देते. चालताना बोलणे चांगले की वाईट, हा प्रश्न म्हणूनच अर्धवट आहे.

नृसिंहवाडीला दत्ताच्या प्रदक्षिणा घालणारे आणखी एक युक्ती शिकवतात. मुखात नाम, पायांत फेरी आणि फेऱ्यांचा हिशेब, अशी तीन कामे एकत्र येतात. त्यातला हिशेब लोक डोक्यात ठेवतच नाहीत. मणी किंवा मोजके दाणे हाती घेऊन तो बोटांवर सोपवतात आणि मन मोकळे करतात. सौम्य ऱ्हास असलेल्या माणसाला व्यवसायोपचार तज्ज्ञ जे शिकवतात, की जे बाहेर ठेवता येईल ते डोक्यात ठेवू नका, ते इथे शतकानुशतके चालू आहे.

चाचणीत जे उपयोगी पडते ते व्यायाम म्हणूनही उपयोगी पडेल का, हा पुढचा प्रश्न. जपानमध्ये आइची प्रांतातल्या ओबू शहरातल्या राष्ट्रीय वार्धक्य संशोधन केंद्राने ‘कॉग्निसाइज’ नावाचा प्रकार तयार केला. गोलात उभे राहून पावले टाकत मोजायचे आणि तीनच्या पटीतल्या आकड्याला टाळी वाजवायची. चुकले तर हसायचे. बिनचूक जमू लागले की नियम बदलायचा, कारण सहज जमणाऱ्या कामाने मेंदूला कष्ट पडत नाहीत. कॅनडाच्या मोंटेरो-ओडासो यांच्याच गटाने सौम्य ऱ्हास असलेल्या १७५ जणांना २० आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम दिला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शारीरिक व्यायामाला संगणकावरच्या बौद्धिक सरावाची जोड मिळालेल्यांची बोधनक्षमता सुधारली. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी मात्र त्यात काही भर पडली नाही. स्मृतिभ्रंश यामुळे टळतो, असे म्हणण्याइतका दीर्घ पुरावा अजून हाती नाही आणि तसे सांगून वर्ग विकणाऱ्यांपासून सावध राहावे. वर्गीस यांनी ७५ वर्षांवरील ४६९ जणांच्या पाहणीत नाच करणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळल्याचे २००३ मध्ये नोंदवले होते. ते वाचताना गौरी-गणपतीतला झिम्मा आठवल्यावाचून राहत नाही: गाणे, ठेका, समोरचीच्या हाताचा अंदाज आणि मध्येच बदलणारी पावले. जागरण सोसत नसेल तर दुपारी खेळावा.

घरी काही करून पाहायचे असेल तर जागा महत्त्वाची. रहदारीच्या रस्त्यावर, जिन्यावर, ओल्या फरशीवर कुणालाही चालता चालता कोडी घालू नयेत. रंकाळ्याच्या कडेची मोकळी फरसबंदी किंवा शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातला सपाट रस्ता बरा, आणि बाजूला सावरणारे माणूस हवे. ज्यांना आधीच थांबून बोलावे लागते त्यांना बाहेर चालताना फोनवर बोलू देऊ नये. त्यांच्याशी महत्त्वाचे बोलायचे असेल तर कट्ट्यावर बसून बोलावे.

आबा थांबले म्हणजे स्मृतिभ्रंश आला, असे नाही. ऐकू कमी येत असेल तर माणूस तोंडाकडे पाहायला थांबतो. मोतीबिंदू, गुडघ्यांची झीज, मधुमेहाने बधिर झालेले तळवे, झोपेच्या गोळ्या, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मंदावलेले थायरॉइड, नैराश्य, यांतले काहीही चाल आणि लक्ष दोन्ही बिघडवू शकते. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवरचा ताबा सुटणे आणि विसरभोळेपणा ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर मेंदूत पाणी साठण्याचा एक विकार असू शकतो. १९६५ मध्ये वर्णन झालेला हा विकार वेळेत सापडल्यास शस्त्रक्रियेने बऱ्याच जणांना आराम पडतो. यांपैकी अनेक कारणांवर उपचार आहेत, आणि म्हणूनच ‘वयोमानानं’ म्हणून विषय संपवणे महागात पडते.

घरातल्या ज्येष्ठाचे उत्तरासाठी थांबणे नव्याने सुरू झाले असेल, गेल्या काही महिन्यांत वाढले असेल किंवा ते एकदा जरी पडले असतील, तर डॉक्टरांना ते स्वतःहून सांगा. ते विचारतीलच असे नाही. कोल्हापुरात सीपीआर म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय आहे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या आणि चष्मा, कानाचे यंत्र विसरू नका. कुठे जावे हेच कळत नसेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठी केंद्र सरकारची एल्डरलाइन आहे. तिचा क्रमांक १४५६७, तो फोन मोफत आहे आणि सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत लागतो.